रविवारची सफाई

मिस्त्रीणबाईंनी बॉनेटला टेकू लावला आणि आधी वरच्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेलाच होता. रविवारी मुलगा उन्हं चढल्याशिवाय उठत नसे. त्यांनी दोन स्क्रू सोडवून हवेच्या नळीतला बोटाएवढा सेन्सर अलगद बाहेर काढला आणि उजेडात धरला. बारीक तारेवर पुन्हा तेलाचा चिकट थर बसला होता. स्प्रे मारून त्यांनी तार वाळू दिली, सेन्सर जागेवर बसवला आणि बॉनेट न आपटता दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं. स्प्रे कपड्यांच्या बादलीत गेला, किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर, आणि चेहरा असा केला की बाई आत्ताच कपडे वाळत घालून आल्यात.

बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली होती. मिस्त्रीणबाई हे नाव तिथलंच. इंजिनाचा आवाज ऐकून त्या दुखणं सांगत, आणि सांगताना आडपडदा ठेवत नसत. इंजिनाला ते चालतं, मुलाला चाललं नाही. त्याने मित्राबरोबर दुकान काढलं तेव्हा पहिल्याच दिवशी, मित्रादेखत, त्या म्हणाल्या होत्या, "वर्षाच्या आत शटर ओढशील." त्याने ओढलंही. भाकीत खोटं ठरलं असतं तर त्याने कदाचित माफ केलं असतं. तो वरच्या खोलीत राहायला आला आणि आईशी भाडेकरूसारखा बोलू लागला. हो, नाही, ठेव, नको.

मग एका संध्याकाळी तो काळ्या हातांनी स्वयंपाकघरात आला. आपल्या गाडीच्या हवेच्या फिल्टरचा मूळ बंद डबा काढून त्याने बाजारातलं इनटेक स्वतः बसवलं होतं. चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला तेल लावलेला उघडा फिल्टर.

"आई, ऐक ना," म्हणत त्यांना गाडीपाशी नेऊन त्याने अॅक्सिलरेटर दाबला.

गाडी गरजली. मिस्त्रीणबाईंना तिथेच कळलं की वाढलाय तो फक्त आवाज. हा उघडा फिल्टर इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढणार, त्यावर थापलेलं जादा तेल आज ना उद्या सेन्सरवर जाणार, आणि हवा किती येते हेच इंजिनाला धड कळेनासं होणार. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. पण मुलगा हसत होता, आणि तो हसल्याला किती दिवस झाले होते.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो जेवायला खाली येऊ लागला आणि त्या रविवारचा सेन्सर पुसू लागल्या. अळीमिळी गुपचिळी. सौदा त्यांना स्वस्त वाटला होता.

चहा उकळत होता तेवढ्यात थोरल्या लेकीची गाडी आचके देत फाटकात शिरली. बहीणभावांच्या गाड्या एकाच बनावटीच्या. भावाने तिच्या वाढदिवसाला तेच इनटेक तिच्या गाडीलाही बसवून दिलं होतं. ते कळल्यावर मिस्त्रीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "आलीस की गाडी बघते." ती दुसऱ्या गावात राहायची, येणं लांबत गेलं, आणि फोनवर खरं सांगितलं असतं तर ते भावापर्यंत पोचलंच असतं.

थोरली उतरली ती भावाला हाका मारतच. तो डोळे चोळत खाली आला.

"काल भर चौकात बंद पडली. वळताना. ट्रक एवढ्यावर येऊन थांबला." तिने हाताने वीतभर अंतर दाखवलं. "मागच्या सीटवर पोरगी होती माझी."

"लागलं का तिला?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"नाही. पण आता गाडीत बसायला तयार नाही."

"इनटेकमुळे नाही होणार ताई," तो म्हणाला. "माझ्याही गाडीला तेच आहे. वर्ष होत आलं, एकदा तरी बंद पडली? तूच फिल्टरला भलतंसलतं काही लावलं असशील."

"मी हातसुद्धा लावला नाही. तेल तूच लावलंयस."

"मग माझी का चालते?"

"तेच तर मला कळत नाहीये." थोरली आईकडे वळली. "तू सांग. ह्याची का बंद पडत नाही?"

'बघते' म्हणून वेळ मारून नेता आली असती. स्प्रे बादलीतच होता. दुसरी गाडीही गुपचूप साफ झाली असती. मिस्त्रीणबाईंच्या डोळ्यांसमोर नात आली, मागच्या सीटवरची, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कारण ती मी साफ करते," त्या म्हणाल्या. "दर रविवारी. तू उठायच्या आत."

मुलाने आधी गाडीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आणि मला छान म्हणालीस."

"म्हणाले."

तो वळला आणि तडक जिना चढून गेला. वर दार आपटलं.

"झालं," थोरली म्हणाली. "आता वर्षभर तोंड बंद."

ओट्यावर चहा उतू गेला होता, तो पुसायला मिस्त्रीणबाई आत गेल्या. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिल्या.

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज आला तेव्हा त्या दारात आल्या. तो थोरलीच्या गाडीवर वाकला होता. पायाशी हत्यारांची पेटी होती. शेजारी, जमिनीवर, त्यांनी चादरीत गुंडाळून माळ्यावर जपलेला त्याच्या गाडीचा मूळ डबा होता. चादर सोडलेली होती.

"हा ताईच्या गाडीला बसवतो," मान वर न करता तो म्हणाला. "तिचा मी भंगारात घातला."

"बसेल."

"ताकद वाढली होती का? खरं सांग."

"नाही. आवाज वाढला होता."

त्याने नळीचा क्लॅम्प ओढून पाहिला. फारच आवळला होता, त्यानेच. मग त्याने हात मागे पसरला.

"दहाचा पाना."

मिस्त्रीणबाईंनी पाना त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो घेतला, पण लगेच कामाला लागला नाही.

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला, "मला उठव."