मागच्या खिडकीतला मग

मी इनॅमलचा मग बोलतोय. कान देऊन ऐका, मी दोनदा सांगणार नाही.

गोऱ्या साहेबाच्या मडमेनं मला बाजारातून आणलं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवलं. "हा आचाऱ्याचा. घरातल्या कपांत मिसळायचा नाही." आचारी काळा. त्याच्या बापाला साहेबाच्या बापानं विकतच घेतलं होतं, मला घेतलं तसं. आचाऱ्याच्या हातचं जेवण चालायचं, साहेबाचं पोर त्याच्या खांद्यावर झोपायचं. ओठ तेवढे घाण! अक्कल गहाण ठेवलेली माणसं.

पुढं साहेबाचं राज्य गेलं. आचाऱ्याच्या मुलानं हाच बंगला विकत घेतला. म्हटलं, सुटलो. कसलं काय! आज त्या मुलाची मुलगी मालकीण आहे आणि मी त्याच खिडकीत, कामवालीचा मग म्हणून. कामवाली रंगानं हिच्याहून जरा गडद, एवढंच.

कामवाली एकदा म्हणाली, "ताई, गुडघे फार दुखतात. आज खुर्चीवर बसून कपातून चहा घेऊ?"

"अगं, तुझा मग आहे की! आणि पायरीला काय झालं?"

एक दिवस साहेबाचा नातू बंगला बघायला आला. मालकिणीनं सोनेरी काठाचे कप काढले. त्याची नजर नेमकी माझ्यावर. "वा! आजीच्या वेळचा दिसतोय. मला यातच द्या चहा."

मालकिणीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायची सोय नाही. दिला माझ्यातच. तो प्यायला, मिटक्या मारत.

तो गेला आणि मी थेट दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात!

"ताई, माझा मग?"

"तो आता तुझा नाही. साहेबांच्या नातवानं त्यातून चहा घेतलाय. तुला प्लॅस्टिकचा आणलाय."

कामवाली खो खो हसली. "म्हणजे माझं उष्टं त्याला चाललं, आणि त्याचं मला चालत नाही?"

तिनं सोनेरी काठाचा कप घेतला, चहा ओतला आणि टेबलाशी खुर्चीवर बसली.

"ऊठ आधी!"

"चहा संपू दे."

संपवला. कप तसाच ठेवून चपला घातल्या आणि गेली. काम सुटलं. दुसरं मिळालं का, मला ठाऊक नाही.

आता नवी बाई आलीय, खिडकीतला प्लॅस्टिकचा मग तिचा. मालकीण पाहुण्यांना मला दाखवते, "साहेबांच्या घराण्यातला!" स्वतःच्या आजोबाचं नाव काढत नाही. पाहुण्यांनो, कौतुक नको तुमचं. खिळा आणा, माझ्या बुडाला भोक पाडा. आणि जाताना खिडकीतल्या त्या प्लॅस्टिकच्यालाही.