बारा दोरांची डोलकाठी

गोदीत पस्तीस वर्षं त्यांनी दोरखंडांचं काम केलं होतं. मनगटाएवढ्या जाड दोराला गाठ मारायची तर ती गाठवाल्यांनीच, असं तिथं ठरून गेलेलं. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊकही नव्हतं. निवृत्त झाल्यावर हेच गाठवाले केसाएवढ्या दोऱ्यांच्या नादी लागले. खिडकीपाशी टेबल मांडून त्यांनी तीन डोलकाठ्यांचं, हातभर लांबीचं लाकडी जहाज बांधायला घेतलं. बारीक पट्ट्या वाफेवर वाकवून, एकीला एक चिकटवून जहाजाचं अंग पुरं व्हायला दीड वर्ष गेलं. मग डोलकाठ्या उभ्या राहिल्या. आता उरलं होतं ते दोर चढवायचं काम, म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ.

आणि तिथंच घोडं अडलं.

एका सकाळी जहाजावर चादर पडली. ''चार दिवस विश्रांती,'' त्यांनी जाहीर केलं. चाराचे चाळीस झाले. मुलगा मालट्रक चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. त्याला वाटलं, सुटला बाबांचा नाद. सून इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. बोलणं मोजकं, नजर मात्र घारीची. सुट्टीच्या दिवशी केर काढताना तिला सोफ्याखाली लाकडाच्या इवल्या चकत्या सापडल्या. मसुराच्या दाण्याएवढी एकेक, आणि प्रत्येकीला तीन भोकं. मोजल्या तर अकरा.

''बाबा, हे काय?''

''मांजरानं पाडलं असेल.''

''आपल्याकडं मांजर कुठंय?''

''शेजारचं आलं असेल.''

''शेजाऱ्यांकडं पोपट आहे.''

सासरे वर्तमानपत्राआड गेले. पंखा बंद होता, तरी वर्तमानपत्राचं टोक हलत होतं. सुनेनं ते पाहिलं आणि चकत्या मुकाट्यानं वाटीत भरून टेबलावर ठेवल्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोघांमधलं बोलणं 'गॅस बंद केला का' आणि 'किल्ली कुठं ठेवलीस' यापलीकडं फारसं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं कधी, पण गप्पाही नव्हत्या. पुढच्या सुट्टीला मात्र तिनं आपणहून चादर काढली, घडी घातली आणि जहाजासमोर खुर्ची ओढून बसली. तिच्या हातात लांब चिमटा होता, टाके घालताना सुई धरायचा, इस्पितळानं मोडीत काढलेला.

''दाखवा, काय कुठं बांधायचं.''

''हे पोटबिट शिवण्याचं काम नाहीये, सूनबाई.''

''पोटापेक्षा सोपं दिसतंय. हे निदान हलत तरी नाही.''

गाठवाले हसू आवरत पुढं सरकले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. डोलकाठी नुसती भोकात रोवून उभी राहत नाही. तिच्या माथ्यापासून जहाजाच्या दोन्ही कडांना दोर उतरतात, डावीकडं सहा, उजवीकडं सहा. प्रत्येक दोराच्या टोकाला एक चकती, कडेला तिची जोडीदारीण, आणि दोघींच्या भोकांतून बारीक दोरा ओवून ताण द्यायचा. वाऱ्यात डोलकाठी सांभाळतात ते हे बारा दोर.

सुनेनं दोऱ्याला मेण चोळलं, चिमट्यानं ओवला, दोन वेढे घेऊन गाठ बसवली. सासऱ्यांनी भिंगातून निरखली.

''ही सरकेल.''

''ही गाठ माणसाच्या पोटात टिकते, बाबा. तुमच्या जहाजात नाही टिकायची?''

त्यांनी नखानं ओढून पाहिली. सरकली नाही. ''हं,'' एवढंच म्हणाले. पण गोदीतल्या पोरांना त्यांच्या 'हं'साठी वर्ष-वर्ष वाट पाहावी लागे, हे तिला कुठं माहीत होतं! त्या दिवशी पहिल्या डोलकाठीला चार दोर चढले, दोन इकडचे, दोन तिकडचे. ते बोट दाखवत, ती बांधत गेली. हाताचा विषय दोघांनीही काढला नाही.

दोन दिवसांनी गाठवाले दाढ दाखवायला गेले होते. सुनेची कामाची पाळी दुपारची, सकाळ मोकळी. तिला वाटलं, ते येईपर्यंत एक बाजू पुरी करून ठेवू, खूश होतील. डावीकडचे उरलेले चारही दोर तिनं एका बैठकीत बांधले आणि छान कसून ताणले. शेवटच्या गाठीला 'कट्' असा आवाज आला. बुडाचा सरस सुटला होता आणि डोलकाठी बोटभर डावीकडं कलली होती.

गाठवाले दारातूनच ओरडले, ''तुला कुणी सांगितलं होतं? एका बाजूनं ताण देतं कुणी? आधी डावा, मग उजवा, एवढं कळत नाही? दीड वर्ष घालवलंय मी यात!''

''तुम्ही सांगितलं असतं तर कळलं असतं,'' ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. ''तुमचं जहाज, तुम्हीच बघा.'' पर्स उचलून ती कामावर निघून गेली.

चार दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. मुलगा फेरीवरून आला, दोघांची तोंडं पाहून गुपचूप ट्रक धुवायला खाली गेला.

पाचव्या दिवशी सकाळची पाळी संपवून सून इस्पितळाच्या फाटकाशी आली, तर समोर सासरे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

''कुणाला बघायला आलात?''

''हाताचा डॉक्टर कुठं बसतो ते माहीत नव्हतं.'' मग इकडंतिकडं बघत म्हणाले, ''चलतेस का बरोबर?''

बाकावर नंबराची वाट पाहताना त्यांनी गुडघ्यांकडं बघत सांगितलं, ''तुझ्यावर नव्हतो ओरडलो मी. माझ्या वडिलांचे हात असेच कापायचे. शेवटी शेवटी घास तोंडात जाईना, आई भरवायची. मला वाटलं, आलं आता माझ्याही वाट्याला. डॉक्टरनं नाव घेतलं की खरं होईल, म्हणून दाखवलंच नाही.''

सुनेनं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, ''चुकलं माझंही. विचारायला हवं होतं.''

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोल गोल चकली काढून घेतली. चकली चांगलीच दातेरी आली. कंप घराण्यातूनच आलेला आहे, हे बाईंनीही सांगितलं. ''जिवाला धोका नाही. पूर्ण जाणार नाही, पण गोळ्यांनी बराच आवरेल. काम काय करता?''

''गाठी मारत होतो.''

''मग मारत राहा. कोपर टेकवून मारा म्हणजे झालं.''

घरी आल्यावर दोघांनी मिळून आठही दोर कापले. गाठवाल्यांनी ओल्या फडक्यानं पुसून पुसून बुडाचा सरस काढला, डोलकाठी ओळंब्यात धरली आणि सुनेनं नवा सरस भरला. मग पुन्हा पहिल्यापासून, एक डावा, एक उजवा. प्रत्येक जोडीनंतर ते मान तिरकी करून डोलकाठीकडं बघत आणि मगच पुढचा दोरा कापत. बारावा दोर बसला तेव्हा त्यांनी नखानं तार छेडावी तसा एकेक दोर छेडून पाहिला. बाराही एकाच सुरात बोलले. ''शाब्बास,'' ते म्हणाले. सुनेला चिमटा खाली ठेवून डोळे पुसावे लागले. मेणाचा हात लागला, असं तिनं सांगितलं.

गोळ्यांचा गुण यायला तीन आठवडे गेले. एका दुपारी वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकवून गाठवाल्यांनी स्वतः दोरा उचलला. उभ्या दोरांवर खलाशांनी चढावं म्हणून आडव्या पायऱ्या बांधतात, त्यातली सगळ्यात खालची बांधायला घेतली. चाळीस मिनिटं लागली. दोनदा दोरा सुटला, एकदा त्यांनी तोंडातल्या तोंडात गोदीतली शिवी हासडली. सून शेजारी भाजी निवडत बसली होती, पण तिनं हात पुढं केला नाही. पायरी बसली, सरळ बसली.

''झाली एक,'' ते घाम पुसत म्हणाले. ''आता एकशे एकोणचाळीसच राहिल्या.''

''काय घाई आहे?'' ती म्हणाली. ''जहाजाला कुठं जायचंय?''

जहाज पुरं व्हायला आणखी आठ महिने लागले. सुनेनं त्याचा फोटो इस्पितळात दाखवला, तेव्हा व्यायामोपचाराच्या बाई म्हणाल्या, ''लकव्यानं हात गेलेले पेशंट रबराचे चेंडू दाबून कंटाळलेत हो. सासऱ्यांना विचारा ना.'' गाठवाले आधी ''मी काय मास्तर आहे?'' म्हणाले, मग दोन दिवस खपून त्यांनी लाकडाची एक चौकट केली, तिला उभे दोर लावले आणि जाड, बारीक दोऱ्यांची गुंडाळी पिशवीत टाकली.

इस्पितळात पहिल्या दिवशी गाठी शिकायला तिघं आले. त्यातला एक एक्स-रेची खोली शोधत चुकून आला होता, पण बसला. एका शिंपीणबाईंचा उजवा हात सहा महिने मांडीवर पडून होता. त्यांच्या बोटांत गाठवाल्यांनी सर्वांत जाड दोर दिला आणि आपला कापता हात त्यांच्यासमोर धरला.

''हे बघा, माझाही असाच आहे. आपल्याला वेळ लागेल,'' ते म्हणाले. ''चला, पहिला वेढा घ्या.''

बाईंनी घेतला.