अंदम राहिलं होतं

मी एक जुनी कुबडी आहे, मित्रांनो. पण लंगड्याची नव्हे. ज्याचे पाय धड होते आणि आवाज त्याहून धड होता, अशा एका माणसाची मी. आमच्याकडे ख्रिस्ताच्या देवळात बाक नसतात. सण आला की गायक आदल्या संध्याकाळी उभे राहतात ते उजाडेपर्यंत उभेच. मग थकलेली हनुवटी टेकायची कशावर? माझ्यासारखीवर.

गोजाम प्रांतातल्या डोंगरावरच्या एका रानजैतुनाची मी फांदी. सुताराने मला तासलं, चुलीवरच्या धुरात टांगलं, लोणी चोळून काळी केली आणि डोक्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखा वळलेला पितळी तुकडा बसवला. मग मी मेरीगेता लिसानेवर्क यांच्या हातात आले. मेरीगेता म्हणजे गायकांचे पुढारी आणि शिकवणारे गुरू. लिसानेवर्क म्हणजे सोन्याची जीभ. नाव ठेवणाऱ्याने फार चूक केली नव्हती.

ते माझे सुखाचे दिवस होते. गायक दोन रांगांत समोरासमोर उभे राहत, ढोल हळूहळू घुमायला लागे आणि आम्ही सगळ्या काठ्या एकदम वर जात असू, एकदम खाली येत असू. जमावाने प्रभूला ढकललं, मारलं, त्याची ती आठवण, असं मेरीगेता शिकवत. बाया माझ्या पितळेला ओठ लावून जात. मेरीगेतांच्या डाव्या हाताला त्यांचे मित्र दमतेव उभे असायचे. दोघे एकाच गुरूकडे शिकलेले. एकाचा श्वास संपला की दुसरा तो सूर उचलून धरायचा, इतकी दोघांची सवय.

दिवसा मेरीगेता अंगणात शिकवत. आधी पवित्र शास्त्राची एक ओळ जुन्या भाषेत म्हणायचे, मग रोजच्या बोलीत तिचा अर्थ सांगायचे. तो संपला की म्हणायचे, "अंदम." म्हणजे 'आणि एक'. आणि एक अर्थ. कधी दोन अंदम, कधी चार. एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही. सगळे मिळून ती ओळ पुरी व्हायची. हे अर्थ कुठल्या कागदावरून वाचायचे नसत. गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात, असे ते पिढ्यान्‌पिढ्या आलेले. कुणी मधेच उठू लागला की मेरीगेता मला जमिनीवर आपटत. "बूड टेका! अंदम राहिलंय."

त्यांची बायको गेली तेव्हा तिला देवळाच्या भिंतीच्या आत, झाडांच्या सावलीत पुरलं. त्या दिवशी माझ्यावर हनुवटी टेकून ते दमतेवना म्हणाले, "माझी जागा हिच्या उजव्या अंगाला. लक्षात ठेव."

"आधी मी जाणार," दमतेव म्हणाले. "तू माझ्यावर गाणार. मी कशाला लक्षात ठेवू?"

त्यांची मुलगी वुबालेम बाहिर दार शहरात शिक्षिकेचं शिकायला गेली आणि परत आली ती दुसऱ्याच पंथाची होऊन. तिच्या नव्या मंडळीत ना धूप, ना संतांची चित्रं, ना माझ्यासारख्या काठ्या. फक्त पुस्तक. गाव त्यांना 'पेंते' म्हणे, तोंड वाकडं करून.

"बाबा, पाय धड असून कुबडी कशाला?" ती कॉफी भाजता भाजता विचारायची. "काठ्या नाचवून प्रभूचा मार दाखवायचा, हे कुठे लिहिलंय?"

"पहिला कप थोरल्याला द्यायचा हे कुठे लिहिलंय? तरी मला देतेस ना?"

"ती रीत झाली."

"मग ही पण रीत."

"रीत माणसांची, बाबा. वचन देवाचं."

"आणि ते वचन कातड्यावर उतरवून, लढायांतून पोटाशी धरून इथवर आणलं कुणी? बकऱ्यांनी? त्यांनी नुसतं कातडं दिलं."

ती हसायची. तेही हसायचे. घर दोन पंथांचं झालं होतं, पण चूल एकच होती.

एका दुपारी ती आपलं पुस्तक उघडून त्यांच्यासमोर बसली. आता चेष्टा नव्हती. पौलाच्या पत्रातली ओळ होती. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं, ख्रिस्त देवाच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी विनवणी करतो. देवळाच्या पुस्तकात त्याच जागी होतं, आपल्यासाठी न्याय करतो. एका शब्दाचा फरक; पण त्या शब्दावरून गावात सोयरिकी मोडल्या होत्या. विनवणी ख्रिस्तच करत असेल, तर मारिया मातेला आणि संतांना आमच्यासाठी विनवा म्हणायचं कशाला, असं तिची मंडळी विचारत. आणि जो स्वतः न्यायाधीश, तो विनवणार कुणाला, असं देऊळ विचारी.

"बाबा, खरं सांगा. विनवणी हा शब्द खोटा आहे का?"

मेरीगेतांनी डोळे मिटले. त्यांच्या गुरूने हे जसं सांगितलं होतं, तसंच ते सांगू लागले. "खोटा नाही. क्रुसावर त्याने आपल्यासाठी विनवणी केली. त्या जखमा अजून त्याच्या अंगावर आहेत, आणि जखम गप्प बसत नाही. म्हणून विनवतो म्हटलं, तरी खरंच."

वुबालेम उठलीच. तिचा चेहरा उजळला होता. तिला बापाशी भांडून जिंकायचं नव्हतं, मित्रांनो. तिला बाप आपल्या बाजूला हवा होता.

"अगं बस. अंदम राहिलंय."

"एवढं पुरे, बाबा!" असं म्हणत ती दाराबाहेर गेलीसुद्धा.

त्यांनी मला जमिनीवर आपटलं. मग उरलेला अर्थ उघड्या दाराकडे बघत पुरा केला. "अंदम. आता तो सिंहासनावर आहे. त्याच्या वर कुणी नाही, मग विनवणार कुणाला? विनवायचं आपण, आणि जे आपल्याआधी त्याच्यापाशी पोचले त्यांनी. तो न्याय करतो." ऐकायला मी होते, आणि चुलीपाशी एक कोंबडी.

त्या रविवारी पेंत्यांच्या पत्र्याच्या सभागृहावरचा भोंगा गावभर बोलला. त्यांचे पास्टर सांगत होते, "आता तर खुद्द मेरीगेता लिसानेवर्क म्हणतात, आपलंच पुस्तक खरं!"

वुबालेम घरी आली तेव्हा मेरीगेता अंगणात माझ्यावर रेलून उभे होते.

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो. तू अर्धं नेलंस."

तिने दिलेला कप त्यांनी जमिनीवर ठेवला आणि निवू दिला. जी पोर अंदम ऐकत ऐकत चालायला शिकली, तीच अर्ध्यातून उठली होती. परक्याने उचलून नेलं असतं तर चोरी म्हटलं असतं. हिला काय म्हणायचं?

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर देवळाच्या आवारात सगळे थांबले. अबा मेर्शा तिथले मुख्य धर्मगुरू. वाईट माणूस नव्हता; घाबरलेला होता. निम्मी तरुण पोरं पत्र्याखाली जायला लागली होती.

"मेरीगेता, एका वाक्यात मिटतं," ते म्हणाले. "तुमच्या पोरीच्या पुस्तकातला शब्द खोटा. एवढं म्हणा आणि रांगेत उभे राहा."

"खोटा म्हणता येत नाही, अबा. अपुरा म्हणतो."

"लोकांना अपुरा कळत नाही. खरा की खोटा?"

"दोन्ही अर्थ मला इथेच शिकवलेत, याच अंगणात." मेरीगेता डावीकडे वळले. "दमतेव, तू माझ्या शेजारी बसला होतास. सांग यांना."

दमतेवनी आपल्या काठीचा पितळी तुकडा अंगठ्याने पुसला. पुन्हा पुसला.

"मला नाही आठवत," ते म्हणाले.

मित्रांनो, मी लाकूड आहे. धूर सोसला, पाऊस सोसला, तडा गेला नाही. त्या वाक्याने मात्र मेरीगेतांचा हात माझ्यावर असा काही घट्ट झाला की वाटलं, आता मोडते. पुस्तकवाल्यांनी त्यांचं अर्धं उचललं होतं. परंपरेवाल्यांनी परंपराच विसरल्याचं सांगितलं होतं.

त्यानंतर रांगेत आमची जागा राहिली नाही. सणाला मेरीगेता मला घेऊन भिंतीच्या बाहेर उभे राहत आणि आतला सूर ऐकून हळू गात. एकट्याची काठी वर गेली काय न् खाली आली काय, कुणाला कळतं? त्या थंडीतच त्यांच्या छातीत कफ भरला. वुबालेमने फार केलं. रात्रंदिवस शेकलं, भरवलं. एकदा त्यांना म्हणाली, "बाबा, आता सांगा ना, उरलेलं." त्यांनी सांगितलं. धाप लागत होती, पण पुरं सांगितलं. ती शेवटपर्यंत बसून होती.

ते गेले तेव्हा ती अबा मेर्शांकडे गेली. दोघांमध्ये मला टेकवून उभी राहिली.

"आईशेजारी जागा द्या, अबा."

"देतो, पोरी. फक्त लोकांसमोर म्हण, की तुझा बाप असं कधी म्हणालाच नाही."

एक खोटं वाक्य, आणि बापाची जागा मिळणार होती.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "आणि त्यापुढेही म्हणाले होते. ते मी सांगितलं नाही. आता सांगते, सगळ्यांना बोलवा."

"आता कोण ऐकतंय? ते भोंग्यावरून गेलं."

अंत्यविधीला मदत करणाऱ्या शेजाऱ्यांच्या मंडळाने मग भिंतीबाहेर खड्डा खणला. पास्टर आले होते. त्यांनी हात वर करून सुरुवात केली, "आपला हा भाऊ शेवटी सत्याकडे..."

"नको, पास्टर," वुबालेम म्हणाली. "ते तुमचे झाले नव्हते. मीच तुम्हाला अर्धं सांगितलं होतं."

पास्टरांचे हात खाली आले. गाणं झालं नाही. आतून एकही गायक आला नाही. माती लोटायला लागले तेव्हा भिंतीच्या दारातून दमतेव आले. वाटलं, आले! आता सूर धरतील. ते वुबालेमजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अबांनी काठी मागितलीय. जुनी आहे, चांगली आहे. देवळात राहिलेली बरी."

तिने मला छातीशी धरलं.

"काका, काठीला आत जागा आहे?"

दमतेवनी आपल्या काठीचं पितळ अंगठ्याने पुसलं.

"मग नाही देत," ती म्हणाली.

आता मी बाहिर दारला तिच्या घरात असते. माझ्यावर कुणी हनुवटी टेकत नाही. पितळ हिरवं पडलंय. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी नाही म्हणणार तसं. डोंगरावर रानजैतून पुष्कळ आहे, काठ्या पुन्हा होतील. ज्याच्या हातात काठी आहे त्याला जपा, मित्रांनो. तो बोलत असेल तर त्याचं बोलणं संपेपर्यंत बसा. आणि त्याने तुमच्याकडे वळून साक्ष मागितली, तर तेव्हा तुम्हाला आठवू दे.