शेजारची जागा

निबच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता—पडतो की काय, पडतो की काय—आणि तिने तो बाटलीच्या काठावर हलकेच टेकवला. हुश्श, वाचले बाई! टेबलावर ऊन, दुसरा चहा अजून कोमट, भुताच्या पुस्तकाचं हे शेवटचं चित्र संध्याकाळपर्यंत द्यायचं. आणि हात आज असा चालला होता की तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

भूत ती काढायचीच नाही. भोवतीचा काळोख भरायचा, भुतापुरता कागद कोरा सोडायचा—वीस वर्षांची सवय, पेन्सिलसुद्धा लागत नाही. रिकामा वर्ग, शेवटचा बाक, त्यावर ती मुलगी, जिच्याशी वर्षभर कुणी बोललं नाही आणि जी मेल्यावरही हजेरीला येत राहिली... लेखकाने बजावलं होतं, बाकावर ती एकटीच हवी.

"आई, ही दुसरी कोण गं?" सुट्टी म्हणून उशिरा उठलेली तेरा वर्षांची लेक मागे उभी राहून दात घासत होती.

"दुसरी? काहीतरीच तुझं."

"ही काय, वेणीवाली! एका भुताने भागेना वाटतं तुझं."

खरंच की. काळं भरता भरता भुताशेजारी आणखी एक जागा कोरी राहिली होती. खांदा, वाकलेली मान, लांब वेणी... अगं बाई, ही तर मी.

शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे पाल म्हणायचे. मी तिच्या शेजारी बसायचे, डबाही एकत्रच खायचो. मग एके सोमवारी मागून कुणीतरी म्हणालं, 'पालीची बहीण'—आणि मी दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेले. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसती उठले. ती मात्र वर्ष संपेपर्यंत रोज सरकून बसायची, माझी जागा मोकळी ठेवून. मला अजून लाज वाटते.

"बुजवून टाक ना. दोन फटकाऱ्यांचं तर काम," लेक म्हणाली आणि चूळ भरायला गेली.

तिने ब्रश शाईत बुडवला. बुजवायलाच हवं... मी तर उठून गेले होते, मग चित्रात तरी कुठल्या तोंडाने बसू? पण मग तिला भुताकडे नीट बघावंसं वाटलं. सकाळी, सगळ्यात आधी तिने तेच सोडलं होतं—बाकाच्या पार कडेला, भिंतीला चिकटून, अंग चोरून. अख्खा बाक रिकामा असताना.

ब्रशवरची शाई वाळत चालली होती. आत नळ वाहत होता, लेक गुणगुणत होती, आणि तिला कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी शेजारी बसल्यासारखं, बरं वाटत होतं.