पाणबुडीतली सगळ्यात मोठी चूक

मालिकेचं नाव ‘शंभर वाव खाली’. पाणबुडीत खून होतो आणि एक इन्स्पेक्टर आतच राहून तपास करतो, एवढीच गोष्ट. पण लिहिणाऱ्याने पाणबुडी कधी चित्रातही पाहिली नसावी. पहिल्याच भागात कॅप्टनच्या खोलीतला पडदा वाऱ्याने उडाला. समुद्राच्या पोटात वारा! दुसऱ्या भागात खुन्याने सुरा खिडकीतून बाहेर फेकला. खिडकी उघडून, बरं का. मालिकेच्या पानावर लोकांनी नुसता धुमाकूळ घातला. एकाने विचारलं होतं, “ही पाणबुडी आहे की अलिबागची लाँच?”

इथे आखातात, आमच्या मुसफ्फ्यातल्या खोलीत रविवारची सुट्टी त्यातच जाते. दुपारची जेवणं झाली की मिथुन त्याचा टीव्ही लावतो, भिकाजीदादा उशीला टेकून बसतात आणि चूक सापडली की सगळे एका सुरात ओरडतात, “खलास!” आठवडाभर मोहम्मद बिन झायद सिटीतल्या व्हिलांमध्ये एसीचे डक्ट चढवून आखडलेल्या मानेला तेवढंच औषध.

माझा खेळ मात्र दुहेरी. तिकडे खेडजवळच्या आमच्या गावी माझी बायको दर्शना तोच भाग त्याच वेळी पाहते. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल इथे लागत नाही, म्हणून आम्ही एकमेकांना व्हॉइस मेसेज पाठवतो. “अहो, महिना झाला यांना पाण्याखाली, आणि आमटीवर हिरवीगार कोथिंबीर? इथे बाजारातून आणली की दुसऱ्या दिवशी पिवळी पडते.” तिची नजर अशी. तिचा तो मिश्कील, थोडा घोगरा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी ही भिकार मालिका बघतो, हे खरं.

पण त्या आवाजाने चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, तुम्ही कधी येणार म्हणून. मधे सुट्टीवर जाऊन आलो, तेव्हा निघतानाही नाही. छपराचे पत्रे, आमच्या दियाचा पडलेला दात, शेजारणीची भांडणं, सगळं सांगते, तेवढं सोडून. भिकाजीदादांच्या घरून रोज तोच प्रश्न येतो आणि दादा ‘इन्शाल्ला’ म्हणून मोकळे होतात. मला त्यांचा हेवा वाटायचा.

सोमवारी मला ऑफिसात सांगायचं होतं, अजून दोन वर्षं राहणार की सोडून घरी जाणार. लोट्याच्या एमआयडीसीत काम मिळण्यासारखं होतं. पगार कमी, पण संध्याकाळी घरी. दर्शनाने एकदा ‘या’ म्हटलं तर जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोनदा आडून विचारून पाहिलं. “तुम्हाला बरं वाटेल तसं करा,” एवढंच उत्तर. यावर माणसाने काय समजायचं? मी समजलो, तिला माझ्यावाचून राहायची सवय झाली. मग राहतो इथेच, असा निश्चय करूनच मी त्या रविवारी टीव्हीसमोर बसलो.

आणि इन्स्पेक्टरचा मोबाइल वाजला. पाण्याखाली!

“कौनसा नेटवर्क है भाई?” मिथुन किंचाळला. “आपल्याला लिफ्टमध्ये लागत नाही!”

पडद्यावर इन्स्पेक्टरची बायको हुंदके देत विचारत होती, “कधी येणार हो तुम्ही?” भिकाजीदादा ‘खलास’ म्हणायचं विसरून चष्मा पुसायला लागले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मालिकेतल्या खोट्या बायकोलासुद्धा विचारावंसं वाटतं, आणि आमच्या घरी?

तेवढ्यात दर्शनाचा मेसेज आला. मी उठून बाहेर जिन्यात गेलो आणि लावला.

“अहो, पाहिलंत? मोबाइलचं जाऊ द्या. सगळ्यात मोठी चूक ती बाई! समुद्रात गेलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? लिहिणारा नक्की घाटावरचा. आमच्या घरी हर्णैला बोट बाहेर असली की ‘कधी येणार’ हा शब्द कुणी काढायचं नाही. दर्या ऐकतो, आणि विचारलं की माणसाला ठेवून घेतो. वादळात बाबांची बोट अडकली होती, तरी आईने तोंड उघडलं नाही. फक्त भात रोज त्यांच्या वाटणीचा शिजायचा.” मागे कोंबड्या ओरडत होत्या. “आता आपल्याकडेही रोज उरतोच. सकाळी फोडणी देते. दिया कंटाळलीय फोडणीच्या भाताला.”

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. आम्ही डोंगरातली माणसं. आमच्याकडे निघालेल्याला ‘कुठे’ विचारत नाहीत, पण ‘कधी येणार’ हे हक्काने विचारतात. ही कोळ्यांची पोर. माझ्याशी लग्न करून डोंगरात आली, आणि येताना हे सोबत घेऊन आली, ते मला कधी कळलंच नाही. अगं बाई, मी कुठे बोटीवर आहे? मी वाळवंटात पत्रे ठोकतो! पण विमान तर समुद्रावरूनच आलं होतं. तिच्या लेखी मी चार वर्षं दर्यातच होतो, आणि ती तोंड मिटून रोज माझ्या वाटणीचे तांदूळ धूत होती. मला ती हवी होती. तिचा आवाज नव्हे. ती, तिच्या हातचा तो भात, तिचं ते रात्रीचं लवंडणं आणि उगाच माझ्याशी वाद घालणं. छातीत दुखावं इतकी हवी होती.

“नागेशभाऊ, यल्ला, या लवकर! अजून एक चूक सापडली!” मिथुनने आतून हाक मारली. मी गेलो नाही.

बटण दाबून म्हणालो, “दर्शना, तू विचारू नकोस. मीच सांगतो. उद्या मी ऑफिसात नाही म्हणतोय. गणपतीच्या आधी घरी येतो. कायमचा.”

उत्तर लगेच आलं. ती कुजबुजत होती, आणि रडणं काही लपत नव्हतं.

“अहो, हळू बोला. दिवस नका सांगू. नुसते या.”