कोकरमाळ हे नाव कुणाचं

नोटीस पुरती वाचून व्हायच्या आतच दिपालीनं मनात चोर ठरवून टाकला होता, आणि तो चोर म्हणजे तिचा सख्खा दीर हनुमान. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. त्याला आधी माणूस लागतो, पुरावे मागून गोळा होत राहतात.

नोटीस एका मोठ्या बिल्डर कंपनीची होती. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं, कंपनी ‘कोकरमाळ’ नावाची वसाहत उभारत होती. उंच इमारती, पोहायचा तलाव आणि गेटवर पांढऱ्याशुभ्र कोकराचा पुतळा. हे नाव कंपनीनं रीतसर आपल्या नावावर नोंदवलं आहे, त्याच नावाची वेबसाइट तुम्ही चालवता, ती महिन्याच्या आत आमच्या हवाली करा, नाहीतर कोर्टात भेटू, असा सगळा मजकूर. कानामागून आली अन् तिखट झाली, ती अशी! ज्या कोकरमाळावर दिपालीच्या सासरच्यांनी पिढ्यानपिढ्या मेंढरं वळली, तो माळ त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता. मालकानं विकला, वस्ती उठली, घरं चितेगावला आली. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. पण येताना सोबत आणलेलं नावसुद्धा आता कंपनी मागत होती.

वेबसाइट दिपालीनं स्वतः उभी केली होती. बारावीनंतर शहरात जाऊन केलेला कॉम्प्युटरचा कोर्स चुलीत घालायचा नाही, हे तिनं सासरी येतानाच ठरवलं होतं. मेंढरं रात्री शेतात बसवली की शेताला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. कुणाला शेतात मेंढरं बसवून हवीत, कुठल्या तळ्यात अजून पाणी आहे, चारा कुठं आहे, हे सगळं ‘कोकरमाळ’वर दिसायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानं खालच्या नंबरवर फोन करायचा, तो दिपालीच उचलायची आणि विचारणाऱ्याचं नाव, गाव, मेंढरं नोंदवून घ्यायची. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. शहरात नळाला आठवडा आठवडा पाणी नव्हतं, तिथं मेंढरांना कोण विचारतो? सिल्लोडपासून पैठणपर्यंतचे मेंढके ‘कोकरमाळ’ला विचारून वाट धरत होते. ऐन उन्हाळ्यात ते नाव बंद पडलं असतं, तर कळपच्या कळप कोरड्या तळ्यांवर जाऊन उभे राहिले असते.

आणि पाण्याची ही खबर आणायचा हनुमान. ओळखीच्या मेंढक्यांना फोन करकरून तो रोज सगळं गोळा करायचा. पण त्या उन्हाळ्यात घरचा निम्मा कळप विकावा लागला, उरलेला त्यानं चुलत्याच्या हवाली केला आणि कंपनीच्या साइटवर वॉचमनची नोकरी धरली. दिपालीला ते तेव्हाच खटकलं होतं.

नोटिशीपाठोपाठ कंपनीच्या साहेबाचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा.

“ताई, कशाला भांडण वाढवता? तुमच्या सासऱ्यांची तर काही हरकत नाही. घरात विचारून बघा.”

सासऱ्यांची हरकत नाही हे या माणसाला कुणी सांगितलं? घरातली गोष्ट कंपनीत गेली कशी? दुसऱ्याच दिवशी चितेगाव फाट्यावर हनुमान त्याच साहेबासोबत चहा पिताना तिला दिसला, आणि तिचा हिशोब जुळला. घरात ती आली की तो फोनवरचा आवाज बारीक करतो, हेही तिच्या लक्षात यायला लागलं. त्याचं लग्न ठरवायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि पोरगं लाजत होतं, पण दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला हे कोण पटवणार! सरळ विचारायचं सोडून तिनं वेबसाइटचा पासवर्ड बदलला. हनुमाननं रात्री खबर भरायला घेतली, त्याला आत जाता आलं नाही. त्यानं फोन बाजूला ठेवला. त्याचं गप्प बसणंही तिनं त्याच्याच विरुद्ध धरलं. नवऱ्याला, रामला, तिनं हे सांगितलं, तर तो “आसंलही” म्हणाला. राम कुणालाच नाही म्हणत नसे.

अदालत रोडवर मृण्मयी नावाच्या वकीलबाईंचं ऑफिस होतं. दिपाली तिथं गेली ती पिशवी छातीशी धरून. ही तरी कुणाची, कंपनीची नसेल कशावरून, असं तिला पायऱ्या चढतानाच वाटत होतं. मृण्मयीनं नोटीस वाचली आणि हसली.

“आपण लेखी हरकत घेऊ. गावाचं, माळाचं जुनं नाव उचलून कुणी दुसऱ्याला धमकावू शकत नाही. पण ते नाव कंपनीच्या आधीपासून होतं, हे तिथं राहिलेल्या कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. सासऱ्यांना घेऊन या.”

मुंजाबा, म्हणजे दिपालीचे सासरे, एका चुकलेल्या मेंढीसाठी अख्ख्या गावाशी भांडायला उभा राहणारा माणूस. ते ओट्यावर बसले होते.

“म्या नाय येनार,” ते म्हणाले.

“का मामा? खरं तेच सांगायचंय.”

“नाय म्हणलं ना! तुजं तू बघ.” त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

आता मात्र दिपालीचा तोल गेला. म्हाताऱ्यालाही फितवलं, नाहीतर भीती घातली, आणि हे काम हनुमानचंच. संध्याकाळी तो ड्युटीवरून आला, तशी तिनं देवघरातली भंडाऱ्याची डबी आणून त्याच्यापुढं ठेवली. शहरालगतच्या सातारा परिसरातल्या खंडोबाचा तो भंडारा. हा हातात घेऊन खोटं बोलेल त्याचा कळप मरतो, आणि भंडाऱ्यावर दिलेला शब्द परत घेता येत नाही, असं या घरात मानतात. म्हणूनच तो कळपातून मेंढी चोरल्याचा आळ असलेल्याला उचलायला लावतात. घरच्या माणसाला कुणी लावत नाही.

“भाऊजी, उचला. कंपनीला घरातलं काही सांगितलं नाही म्हणून उचला.”

“अगं,” एवढंच राम म्हणाला.

हनुमाननं तिच्याकडं पाहिलं. मग चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला. “कंपनीला म्या घरातलं कायबी सांगितलं आसंल, तर माजी मेंढरं मरू दे.” डबीचं झाकण त्यानं नीट लावलं आणि ती जागेवर ठेवून आला.

मुंजाबांनी कपाळावर हात मारून घेतला. “पोराला कशाला उचलाया लावलास गं! भंडारा म्या दिलाय. म्या!”

मग सगळं बाहेर आलं. गेल्या साली कंपनीनं भूमिपूजनाला त्यांच्यासाठी गाडी पाठवली होती. डोक्याला फेटा बांधला, खुर्चीवर बसवलं, माइकवर ‘कोकरमाळचे सर्वांत जुने रहिवासी’ म्हणून नाव पुकारलं. उभ्या जन्मात म्हाताऱ्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. साहेबानं वाकून विचारलं, आजोबा, वसाहतीला कोकरमाळ नाव ठेवू ना? मुंजाबांनी हरखून कनवटीचा भंडारा काढला आणि कोनशिलेवर उधळला. आशीर्वादच तर मागतोय बिचारा, असं त्यांना वाटलं. नोटीस आली तेव्हा ते मनातून हादरले, आणि लाजेनं तोंड शिवून बसले.

“भंडारा पडला, पोरी. आता मागं कसा घिऊ?”

“मामा, तवा तुम्ही बोललात काय? शब्द आठवून सांगा.”

“काय बोलनार? म्हणलो, माळ देवाचा, नाव देवाचं. ज्याला लागंल त्यानं घ्यावं, कुनी कुनाला आडवू नाय.”

दिपालीनं टाळीच वाजवली. तिनं तिथल्या तिथं मृण्मयीला फोन लावला. हनुमान दारात उभा होता, त्याच्याशी बोलायचं तिला सुचलंही नाही.

हरकत झकास झाली. मुंजाबांना आपला शब्द मोडावा लागणार नव्हता, फक्त पुन्हा सांगायचा होता, म्हणून त्यांनी आनंदानं अंगठा दिला. कंपनीनं आपल्याच जाहिरातीत म्हाताऱ्याचा फोटो ‘कोकरमाळचे सर्वांत जुने रहिवासी’ म्हणून छापला होता. नाव आपल्या आधीचं आहे हे त्यांनीच छापून दिलेलं, तो कागदही मृण्मयीनं जोडला. दोन ओळींचं उत्तर आलं: नोटीस मागे घेत आहोत. दिपालीनं गल्लीत पेढे वाटले.

हनुमान मात्र भंडारा उचलल्याच्या दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून, चुलत्याकडून कळप घेऊन फर्दापूरच्या वाटेला लागला होता. “चुकलं माझं, भाऊजी,” तो जाताना ती म्हणाली होती. “ऱ्हाऊ द्या,” एवढं बोलून तो निघाला. त्यानंतर त्याचा एकही फोन आला नाही. बाकीचे मेंढके अधूनमधून काहीबाही कळवत, त्यावर ‘कोकरमाळ’ कसंबसं चालत होतं.

मे महिन्यात एका दुपारी वेबसाइटच्या नंबरवर फोन आला. पाठीमागं मेंढरांचा कालवा.

“सिल्लोडच्या वर पानी हाय का कुठं, ताई?”

तिनं आवाज ओळखला. “भाऊजी, मी दिपाली बोलते.”

“व्हय. पानी हाय का?”

तिनं एक पाझर तलाव सांगितला. वाट नीट समजावली, बांधावर काटेरी कुंपण आहे तिकडून जाऊ नका, हेही सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “नोंद करून घ्या. सगळ्यांची करता तशी.”

“तुमची कशाला नोंद? तुम्ही घरचे.”

“करा.”

तिनं नाव भरलं, मेंढरं भरली. “गाव कोकरमाळच टाकते,” ती म्हणाली. तिला वाटलं, एवढं ऐकून तरी तो हसेल.

“कोकरमाळ नका टाकू. दुसरं कायबी टाका,” हनुमान म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

गाव लिहिल्याशिवाय नोंद पुढं सरकत नाही, असा नियम दिपालीनंच घालून ठेवला होता. ती त्या रिकाम्या जागेकडं पाहत बसली आणि तिला मोठ्यानं रडू फुटलं.