सात नंबरची खाट

शिंप्याची छाती भरली म्हणून त्याला सरकारी दवाखान्यात घातलं, तेव्हा अंगावर दोन-दोन ब्लँकेटं लागत होती. आता डोक्यावर पंखा गरगरत होता आणि शिंपी अजून सात नंबरच्या खाटेवरच होता. ज्यांना ही गोष्ट थाप वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. खाट अजून तिथेच आहे.

दवाखाना पुलाच्या अलीकडे. पुलापलीकडच्या लोकांची भाषा वेगळी, आजार मात्र तेच. त्यांचं दुखणं डॉक्टरांना समजावून सांगायला पूर्वी एक दुभाषी बाई होती. तिचा खर्च परवडत नाही म्हणून वरच्यांनी ती जागाच मोडीत काढली. शिंप्याचं दुकान पुलाच्या तोंडाशी. दोन्हीकडची गिऱ्हाइकं माप देता देता घरची गाऱ्हाणी सांगायची, त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर. दाखल झाल्यावर अंगातला ताप उतरायच्या आत त्याने शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पोटातली कळ डॉक्टरांना समजावून दिली, आणि सगळ्या वॉर्डाचा तो मामा झाला.

"मामा, इकडे या! हिला विचारा, गोळी गिळली की उशीखाली सारली?"

सिस्टरांनी त्याला एक पांढरा कोटसुद्धा दिला. बाह्या आखूड होत्या, त्या मामाने स्वतः उसवून लांब केल्या.

मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, रोज सकाळी त्याच्या छातीला नळी लावायचे आणि मान हलवायचे. "अजून थोडं घरघरतंय, मामा." रोज तेच ऐकून मामाने हाय खाल्ली. आपलं काही आता खरं नाही, असं धरून त्याने निरवानिरव केली. कात्री भाच्याला दिली. बायकोला सांगितलं, मशीन विकून टाक, माझ्या मागे तुला आधार होईल.

एके सकाळी मामी डबा घेऊन स्टुलावर येऊन बसली. तिला पलीकडची सोडून दुसरी भाषा येत नव्हती. तेवढ्यात नवी डॉक्टरीण फेरीला आली. तिचा पहिलाच दिवस. पांढऱ्या कोटातला मामा तिला दवाखान्याचाच माणूस वाटला.

"तुम्हीच दुभाषी ना? बरं झालं. ही सात नंबरची बायको का?"

"हो, पण..."

"तिला सांगा," एक्स-रे खिडकीकडे धरत डॉक्टरीण म्हणाली, "तिच्या नवऱ्याला काहीएक झालेलं नाही. हा फोटो स्वच्छ, थंडीतला फोटोही स्वच्छ. धडधाकट माणूस खाट अडवून बसलाय. लाज कशी वाटत नाही म्हणावं! आहे कुठे तो?"

एवढ्या लोकांची दुखणी सांगितली त्याने, कधी शब्द अडला नव्हता. आता स्वतःचंच सांगायचं तर अडला.

"अहो, काय म्हणते ती?" मामी घाबरून उठली. "एवढे पांढरेफटक का पडलात? माझ्यापासून लपवू नका हं!"

"अगं... मी बरा आहे म्हणते. थंडीतच बरा झालो."

मामीने डबा खाली ठेवला. डोळ्यांना पदर लावला. मग पदर खाली आला आणि आवाज चढला. "अहो, मशीन विकलं की मी!"

दोघं तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले. ते चहात बिस्कीट बुडवत होते, ते तुटून आतच पडलं.

"मामा, समजून घ्या. खाटेला पैसा मिळतो, औषधाला मिळतो. दुभाष्याला मिळत नाही. पेशंट कितीही दिवस ठेवला तरी वरून कोणी हूं की चूं करत नाही."

"म्हणून मला मरणाच्या दारात बसवलंत?"

"बसवलं कुठे? उत्तम सांभाळलं! वजन बघा किती वाढलंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "उद्या नऊ नंबरच्या आजींचं ऑपरेशन आहे. त्यांना कोण सांगणार?"

हे मात्र मामाला लागलं. "पगार द्या. घरून येत जाईन."

"पगार?" मोठे डॉक्टर खुर्चीत ताठ झाले, जणू मामाने त्यांची किडनी मागितली होती. "अहो, तुम्हाला आणखी दहा वर्षं आजारी ठेवणं स्वस्त पडेल!"

"काय म्हणतोय टकल्या?" मामीने बाही ओढली. मामाने सांगितलं. मामीने जे उत्तर दिलं ते ऐकून मामा चाचरला.

"हे नाही गं सांगता येत."

"का? साऱ्या गावाचं सांगितलंत, आता बायकोचंच जड झालं?"

मामाने सांगितलं, शब्दाला शब्द. मोठ्या डॉक्टरांचे कान लाल झाले ते टकलापर्यंत.

मग मामा नऊ नंबरच्या आजींजवळ बसला. उद्या काय कापणार, काय शिवणार, सगळं शिंप्याच्या हिशेबात समजावलं. आजी म्हणाल्या, "टाके बारीक घाल म्हणावं." तो निरोप डॉक्टरिणीला देऊन त्याने कोट खुंटीला अडकवला.

बाहेर नोंदणीच्या खिडकीशी एक छत्र्या दुरुस्त करणारा उभा होता. बोट सुजलेलं. कारकुनाशी तो अलीकडच्या भाषेत बोलला, आणि मागच्या बाईने काही विचारलं तर वळून पलीकडच्या भाषेत उत्तर दिलं. अगदी सफाईदार.

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने हळूच फोन उचलला.

"साहेब, सात नंबर रिकामी झाली ना?" मग छत्रीवाल्याला गोड आवाजात, "बसा, बसा. बोटाची सूज फार वाईट हो. दाखलच व्हावं लागेल."

गेटापर्यंत गेलेला मामा ते ऐकून मागे पळत आला आणि दोन्ही भाषांत बोंबलला,

"अरे बाबा, तोंड मिट आणि पळ!"